मरिया, मेरी, मरियम, मिर्याम: एका नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. ॲफिडेव्हिट टाइप करायचं, आधारच्या दुरुस्तीचा फॉर्म भरायचा, दाखल्यावरचं नाव आणि मार्क्स कार्डावरचं नाव जुळवायचं, दिवसभर हेच चालतं. एकच नाव दहा तऱ्हांनी लिहिलेलं मी सर्वांत जास्त वेळा पाहिलं ते मरियाचं. एका मुलीच्या फायलीत एकदा मोजलंच. जन्मदाखल्यावर कन्नडमध्ये मरिया, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मारिया, मराठी शाळेच्या दाखल्यावर मेरी, रेशनकार्डावर मेरि आणि आधारवर मॅरी. मुलगी एकच, आणि घरात तिला बाळी म्हणायचे. काउंटरवर उभं राहून लोक जे विचारतात त्यातले काही प्रश्न आणि वाचून-विचारून जमवलेली उत्तरं इथं देतोय.

हे नाव मुळात कुठलं?

हिब्रू भाषेतलं, आणि बायबलच्या जुन्या करारातलं. इस्राएली लोकांना मिसरमधून म्हणजे इजिप्तमधून बाहेर काढणारा मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन, यांची थोरली बहीण मिर्याम. निर्गम या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात इस्राएली लोक समुद्र ओलांडून पलीकडं जातात तेव्हा ही डफ हातात घेऊन पुढं होते आणि तिच्यामागून सगळ्या बायका नाचत-गात निघतात. तिला तिथं संदेष्टी म्हटलंय. पुढं गणना या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात ती भावाविरुद्ध बोलते, अंगावर कोड उठतं, सात दिवस तिला छावणीबाहेर राहावं लागतं. तरी लोकांनी तिला मागं टाकून तळ हलवला नाही, थांबून राहिले. गोष्टीतला हा तपशील मला फार आवडतो. शेवटी कादेशला ती वारली.

मधे कितीतरी शतकं गेली आणि येशूच्या काळापर्यंत यहूदी लोकांत हे नाव इतकं चाललं, की त्या भागातल्या दर चार-पाच बायकांत एक मरियाच. हेरोद राजाच्या राणीचंही हेच नाव, मरियाम्ने. त्यानं तिला इसवी सनापूर्वी २९ मध्ये ठार मारवलं. नव्या करारात म्हणूनच मरियांची गर्दी आहे: येशूची आई, मग्दालाची, बेथानीची, क्लोपाची बायको, योहान मार्काची आई. गावाचं, नवऱ्याचं, पोराचं नाव जोडल्याशिवाय कोणती कोण ते कळायचं नाही. आपल्याकडं एका गल्लीत चार लक्ष्म्या असल्या की डेअरीची लक्ष्मी, टेलराची लक्ष्मी म्हणतात, तसंच ते.

मिर्याम आणि मरिया एकच असेल तर शेवटचा 'म' कुठं गेला?

ग्रीक आणि लॅटिन व्याकरणानं खाल्ला. येशूच्या आधी दोन-तीनशे वर्षं जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर झालं, त्यात हे नाव 'मरियाम' असं आलं. पण ग्रीकमध्ये बाईचं नाव 'म' वर संपत नाही, आणि अशा नावाला विभक्तीचे प्रत्ययही लावता येत नाहीत. म्हणून हळूहळू 'मरिया' असं ग्रीकच्या पठडीतलं रूप शेजारी येऊन बसलं. नव्या करारात दोन्ही सापडतात. लॅटिनमध्ये तर आणखी गंमत. तिथं 'मरियाम' हे 'मरिया' या नावाची द्वितीयाच वाटतं, म्हणजे आपल्या 'मरियाला' सारखं. त्यामुळं मूळ नाव 'मरिया'च असणार असं लॅटिन कानाला वाटणं साहजिक होतं. लॅटिन बायबलात मोशेची बहीणही मरिया आणि येशूची आईही मरिया.

मराठी बायबलनं मात्र दोघींना वेगळं ठेवलंय: बहीण मिर्याम, आई मरीया. मूळ हिब्रूतून एक आणि ग्रीकमधून दुसरं घेतलं की असं होतं. बिचाऱ्या वाचकाला वाटतं ही दोन निराळी नावं.

मग सर्वांत जुनं रूप कुठलं? मिर्याम?

नाही, आणि हे ऐकून बरेच जण चमकतात. जुनं रूप 'मर्याम' किंवा 'मरियम' असावं. हिब्रू लिपीत पूर्वी फक्त व्यंजनं लिहीत, आपल्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घ धरत नसत त्याच्याही पुढची गोष्ट. स्वरांच्या खुणा पंडितांनी इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत घातल्या. तोवर हिब्रू उच्चारात अशा जागेवरचा 'अ' बदलून 'इ' झाला होता, म्हणून 'मिर्याम'. ग्रीक भाषांतर त्याच्या हजारभर वर्षं आधीचं, त्यात 'अ' शाबूत आहे. सिरियाक आणि अरबीतही तो टिकला.

थोडक्यात, खडेबाजारात कापड घ्यायला आलेली मरियम नावाची मुसलमान बाई आपल्या नावाचा जो उच्चार करते तो मोशेच्या बहिणीच्या काळच्या उच्चाराला आपल्या मेरीपेक्षा खूपच जवळचा आहे. 'आमचंच रूप शुद्ध' असं कोणी काउंटरवर म्हणालं की मी हे सांगतो. मग जरा शांतता होते.

नावाचा अर्थ काय?

नामकरणाच्या पुस्तकात एका शब्दात अर्थ छापलेला असतो आणि दर पुस्तकात निराळा. त्यामागं काय आहे ते सांगतो.

'कडू' हा अर्थ हिब्रूतल्या 'मर' या शब्दावरून काढतात. त्याला एक शेजारही मिळालाय. ज्या अध्यायात मिर्याम गाते त्याच अध्यायात तीन ओळी पुढं लोक मारा नावाच्या जागी येतात, आणि तिथलं पाणी कडू असल्यानंच जागेला मारा म्हणतात. रूथच्या पुस्तकातली नामीही नवरा आणि मुलगे गेल्यावर म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. दुसरा अर्थ 'बंडखोरी', त्याच अक्षरांच्या जवळच्या शब्दावरून. भावाविरुद्ध तोंड उघडणाऱ्या बहिणीला तो शोभतोही. तिसरा मिसरी भाषेतला, 'लाडकी'. इस्राएली लोक मिसरमध्ये राहिले होते आणि मोशे हे नावही मिसरी धातूवरून आलंय असं बरेच अभ्यासक मानतात. मग बहिणीचं नावही तिथलंच का नसावं, हा त्यांचा तर्क. मला स्वतःला हाच पटतो, कारण पहिल्या मुलीचं नाव 'कडू' कोण ठेवेल? अर्थात आपल्याकडं दगडू आणि धोंडी ठेवतातच, त्यामुळं जोर लावून बोलत नाही.

आणि 'समुद्रतारा'? तो सगळ्यांत सुंदर, आणि चुकून झालेला. 'मर' म्हणजे थेंब आणि 'याम' म्हणजे समुद्र अशी फोड करून चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत जेरोमनं लॅटिनमध्ये 'स्तिला मारिस' म्हणजे समुद्राचा थेंब असा अर्थ दिला असं मानतात. पुढं हातानं नकला करताना एका स्वराचा फरक झाला, 'स्तिला' चं 'स्तेला' झालं आणि थेंबाचा तारा झाला. दर्यावर्दी लोकांनी तो उचलून धरला, त्यावर स्तोत्रं झाली, चर्चना नावं मिळाली. टायपिंगच्या चुकीनं माझं गिऱ्हाईक तुटतं, जेरोमच्या नकलाकाराच्या चुकीनं आकाशात तारा आला. नशीब एकेकाचं.

मरीआई आणि मरिया एकच आहेत का?

हा प्रश्न आमच्याच भागात इतक्या वेळा येत असेल. नाही, एक नाहीत.

मरीआईतली 'मरी' संस्कृत 'मृ' धातूच्या घरातली. मरी म्हणजे साथ, विशेषतः पटकी. पूर्वी गावात पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत, म्हणजे रोग पुढच्या गावाला गेला. पुढच्या गावाला काय वाटायचं ते विचारू नका. अंगावर आसूड ओढणारा पोतराज आणि डोक्यावर देवीची पेटी घेतलेली त्याची बायको अजूनही बाजाराच्या दिवशी दिसतात. मराठीत कडकलक्ष्मी, कन्नडमध्ये दुर्गमुर्गी. कन्नडमध्ये त्या देवीला मारी म्हणतात. शिरसीची मारिकांबा प्रसिद्धच आहे, दर दोन वर्षांनी तिची जत्रा भरते. आणखी खाली तमिळ मुलखात मारियम्मन. तमिळमध्ये 'मारि' म्हणजे पाऊस, त्यामुळं ती साथीचीही देवी आणि पावसाचीही.

मरियाचं मूळ हिब्रू आहे हे वर आलंच. दोन नावं दोन वेगळ्या घरांतून आली आणि आपल्या कानात येऊन भेटली, एवढंच. पण भेटली ती चांगलीच. कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम या भाषांत बाईच्या नावाला आदरानं 'अम्मा' लावतात, म्हणून ख्रिस्ती बाईही मरियम्मा होते आणि कागदावर देवीचं नाव आणि तिचं नाव एकाच वळणाचं दिसतं. त्यातून घोटाळे होतात. एका बाईंच्या अर्जात जातीच्या रकान्यासमोर कारकुनानं नुसतं नाव ऐकून भलतंच लिहिलं होतं, ते निस्तरायला तीन फेऱ्या झाल्या. कचेरीचं नाव घेत नाही.

'मरी' ऐकायला वाईट वाटतं, मग हे नाव ठेवावं का?

हा प्रश्न एका आजीनं विचारला होता. पणतीचं नाव मरिया ठेवणार म्हणून घरात खटका उडालेला. "मरीचं नाव कशाला गे पोरीला?" हे त्यांचं म्हणणं. सून कन्नड शाळेत शिकलेली. ती हसत म्हणाली, "अत्ती, कानडीत मरी म्हणजे पिल्लू की!" आणि ते खरंच आहे. कुरी मरी म्हणजे कोकरू, आणि लहान पोराला लाडानं 'मरी' अशीच हाक मारतात. एकच ध्वनी. मराठी कानाला त्यात पटकी ऐकू येते, कन्नड कानाला बाळ. घरात दोन्ही भाषा असल्या की पाळण्याभोवती असे वाद होणारच. शेवटी मारिया ठरलं, पहिलं अक्षर दीर्घ, आजी खूश. आता कन्नडमध्ये दीर्घ 'मारी' म्हणजेच साथीची देवी हे मी तिथं बोललो नाही.

एकाच गावात मरीया, मारिया, मेरी अशी तीन रूपं कशी?

तीन वाटांनी आली म्हणून.

पहिली वाट गोव्याची. पोर्तुगीज भाषेत मारिया. कोकणीच्या तोंडी तिचं मोरी झालं, आणि 'नमान मोरिये, कुर्पेन भरलेले' ही प्रार्थना गोव्याहून घाट चढून आलेल्या घरांत आजही रोज संध्याकाळी ऐकू येते. कोकणी माणसं तिला सायबीणही म्हणतात, साहेबाचं स्त्रीलिंग. मराठीलाही हे नाव काल-परवा भेटलेलं नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं येशूच्या जन्माची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापली. तेव्हा नागरीचे खिळे नव्हते, म्हणून छापली रोमन लिपीत. आपल्या भाषेत येशूच्या आईची कथा ओवीबद्ध होऊन चारशे वर्षं झाली.

दुसरी वाट कॅम्पातली. इंग्रजांची छावणी आली, सेंट मेरीज चर्च उभं राहिलं, इंग्रजी शाळा निघाल्या आणि मेरी आली. इंग्रजीत हे नाव पूर्वी फ्रेंचसारखं मारी असं होतं. पुढं इंग्रजांचे स्वर सरकत गेले आणि उच्चार 'मेअरी'च्या आसपास आला. आपण त्याचं मेरी केलं. हिंदीच्या तासाला यावर एक विनोद ठरलेला असतो: "मेरी? मेरी क्या?" नाव मेरी असलेली एकही बाई मला अशी भेटली नाही जिला शाळेत हे ऐकावं लागलं नाही.

तिसरी बायबलची. लंडन मिशनरी सोसायटीची माणसं बेळगावात १८२० मध्ये आली, शाळा आणि छापील पुस्तकं त्यांच्या मागून. प्रोटेस्टंट मराठी बायबलात ग्रीकवरून घेतलेलं मरीया आहे, दुसरं अक्षर दीर्घ. कन्नड बायबलात कन्नडच्या रीतीनं स्त्रीलिंगी शेपूट लागून मरियळु. कॅथलिक चर्चमध्ये कन्नड मिस्साला, म्हणजे तिथल्या मुख्य उपासनेला, 'नमो मरिया वरप्रसाद पूर्णेये' म्हणतात. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला आणि त्यात कोकणी, कन्नड, मराठी, इंग्रजी असं सगळंच आलं. त्यामुळं एका बाकावर बसलेल्या चौघीजणी एकाच बाईला चार नावांनी हाका मारतात, आणि ती चौघींनाही ओ देते असा त्यांचा विश्वास आहे.

यात चौथी वाट नर्सबाईंची. केरळातून आलेल्या मरियम्मा, मरियक्कुट्टी. तमिळनाडूकडच्या आरोग्यमेरी. वेलांकण्णीच्या मातेला आरोग्यमाता म्हणतात, तिच्यावरून.

मरियाला म्हणायचं की मरियेला?

बोलताना मरियाला. शांताला, विमलाला म्हणतो तसंच. बायबलच्या मराठीत मरीयेने, मरीयेला असं सामान्यरूप होतं, 'मातेने' च्या चालीवर. 'मरीयेने चांगला वाटा निवडून घेतला आहे' हे वाक्य चर्चला जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. प्रार्थनेत हाक मारताना मरिये. दुकानात कोणी "मरियेचं आधार आलंय का?" असं विचारलं तर समजावं की माणूस पाळकाच्या घरातला आहे.

मुसलमान कुटुंबांतली मरियम हीच का?

हीच. कुराणात जिचा नावानं उल्लेख आहे अशी ती एकमेव स्त्री. १९ व्या सुरेचं नावच मरियम, तिच्यात ९८ आयती. तिथंही ती ईसाची कुमारी आई आहे. तुर्कीत मेर्येम, आपल्याकडं मरियम, मरियमबी.

फारसीत या नावानं एक वेगळंच वळण घेतलं. इराणात 'गुले मरियम' म्हणजे मरियमचं फूल, आणि ते फूल म्हणजे आपला निशिगंध! फुलवाल्याकडं संध्याकाळी पाण्याच्या बादलीत उभ्या असलेल्या त्याच गुलछड्या, खालच्या कळ्या उमललेल्या आणि वरच्या अजून हिरवट मिटलेल्या. मराठी गिऱ्हाईक निशिगंध मागतं, कन्नड सुगंधराज, तेहरानचं मागेल मरियम. गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारी पहिली बाई इराणचीच, मरियम मिर्झाखानी, साल २०१४.

आपलं बेळगावचं कॅथेड्रल फातिमा मातेचं. फातिमा तर मुसलमानी नाव ना?

नाव अरबी, पैगंबरांच्या मुलीचं. पण कॅथेड्रलमधली फातिमा हे पोर्तुगालमधलं एक गाव. पोर्तुगालवर काही शतकं अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं, गावाचं नाव त्या काळची आठवण. १९१७ मध्ये मे ते ऑक्टोबर या काळात तिथं गुरं-मेंढरं राखणाऱ्या तीन पोरांना मरियेचं दर्शन झालं असं कॅथलिक मानतात, म्हणून ती फातिमा माता. लूर्द माता, वेलांकण्णी माता यांतही माता तीच, गाव बदलतं. आपल्याकडं कोल्हापूरची अंबाबाई म्हणतो तसं. मुंबईच्या वांद्र्याला माउंट मेरी आहे, तिला मराठी लोक मोत माउली म्हणतात. पंढरीची माउली ज्यांच्या तोंडात बसलीय त्यांना हे रूप परकं कसं वाटेल?

डोलोरेस, मर्सिडीज, कार्मेन, रेमेदियोस ही नावं याच घरातली म्हणतात ते खरं का?

घरातली आहेत, रक्ताची नाहीत. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये मुलीचं नाव ठेवताना मरियेची एखादी पदवी जोडायची रीत पडली: दुःखांची मारिया, कृपेची मारिया, कार्मेल डोंगराची मारिया, खांबावरची मारिया. रोजच्या हाकेत मारिया गळली आणि पदवीच उरली. दुःखांवरून डोलोरेस, कार्मेलवरून कार्मेन, खांबावरून पिलार. गोव्याकडच्या घरांत कॉन्सेसांव, पिएदाद, मिलाग्रीस, रेमेदियोस दिसतात त्या अशाच. रेमेदियोस म्हणजे उपाय, इलाज. अर्थ पाहता 'दुःखं' हे मुलीचं नाव, आणि तरी ऐकायला किती गोड.

मर्सिडीज म्हणजे कृपा, अनेकवचनी. एमिल येलिनेक नावाच्या ऑस्ट्रियन व्यापाऱ्यानं आपल्या लेकीचं नाव डाइम्लर कंपनीच्या मोटारीला दिलं, १९०१ मध्ये ती गाडी रस्त्यावर आली. पुणे-बंगळूर हायवेवरून जी चकचकीत गाडी झूम्‌ करून जाते तिच्या नाकावर, लांबच्या नात्यानं का होईना, मरियेचीच पदवी आहे.

बाकी भाषांत हिची कुठली रूपं आहेत?

सगळी देत बसलो तर पानं पुरणार नाहीत. फ्रेंच मारी, तिची लाडाची रूपं मारियों आणि मानों. रशियन मारिया, लाडानं माशा. वेल्श मायर. डच मारायके, मीके. मिया हेही बऱ्याच ठिकाणी मारियाचंच छोटं रूप. हवाई बेटांच्या भाषेत 'र' नाही, म्हणून मालिया. न्यूझीलंडच्या माओरीत मेरे.

इंग्रजीत मेरीची मॉली होते, कारण लहान पोरांच्या तोंडात 'र' चा 'ल' होतो. आपलंही बाळ रामाला लाम म्हणतंच. मग मॉलीची यमक जुळवून पॉली झाली. पोपटाला पॉली म्हणतात ती हीच मिर्याम, मोशेची बहीण, पिंजऱ्यात.

स्कॉटलंडची गेलिक तऱ्हा तर आपण जपून ठेवावी अशी. तिथं नाव मारी, पण हाक मारताना पहिलं अक्षर मऊ होऊन 'व' होतं. हाकेचं ते रूपच पुढं स्वतंत्र नाव झालं आणि त्याचा उच्चार: वारी. आषाढी जवळ आली असताना मी हे पहिल्यांदा वाचलं आणि बराच वेळ हसू आवरेना.

आयरिश आणि पोलिश लोकांनी एक पथ्य पाळलं. येशूच्या आईचं नाव जसंच्या तसं पोरीला द्यायचं नाही. आयर्लंडमध्ये तिचं एकटीचं मुइरे, बाकीच्यांसाठी माइरे. पोलंडमध्ये तिचं मारिया हे जुनं रूप वेगळ्या स्पेलिंगनं राखीव, मुलींना साधं मारिया. आपल्याकडं उलट. देवाचं नाव पोराला द्यायचं म्हणजे हाक मारता मारता नामस्मरण घडतं.

मारी बिस्किटाचा काही संबंध?

आहे की. रशियाच्या झारची मुलगी मारिया आलेक्सांद्रोव्ना आणि इंग्लंडच्या राणीचा मुलगा, एडिंबरोचा ड्यूक, यांचं १८७४ मध्ये लग्न झालं. त्या निमित्तानं लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनं गोल बिस्किट काढलं, ते मारी. चहात बुडवलं की तीन मोजेपर्यंत बाहेर काढायचं, नाहीतर अर्धी राजकन्या कपात.

पुरुषांचं नाव मारिया कसं?

कॅथलिक देशांत मुलग्याच्या नावात दुसरं नाव म्हणून घालतात. जर्मन भाषेतला कवी रायनर मारिया रिल्के, संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर. गोव्यात जुझे मारिया. फॉर्मवर लिंग 'स्त्री' टिचकवू नये, एवढं लक्षात ठेवा. मी एकदा टिचकवलंय.

मारिओ, मरीना, रोझमेरी?

मारिओ रोमन लोकांच्या मारियुस या कुळनावावरून, मरीना समुद्रावरून. दोघांचा मिर्यामशी संबंध नाही. रोझमेरी ही वनस्पती लॅटिन 'रोस मारिनुस' म्हणजे समुद्राचं दव, पण मुलीचं नाव ठेवणाऱ्यांनी त्यात रोझ आणि मेरी पाहिली, आणि आता ते तसंच झालंय. झेंडूचं इंग्रजी नाव मॅरिगोल्ड मात्र खरंच मेरीचं सोनं, जरी ते आधी दुसऱ्याच पिवळ्या फुलाचं होतं.

मुलीचं नाव ठेवायचंय. कागदावर कसं लिहू?

जे रूप आवडेल ते. पण रोमन लिपीतलं स्पेलिंग पहिल्या दिवशी ठरवा आणि तेच सगळीकडं ठेवा. मारिया हवं असेल तर शेवट आय-ए करायचा की वाय-ए, मेरी हवं असेल तर शेवटी नुसता वाय. हे जन्मदाखल्यातच नक्की करा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत तोच दाखला लागणार आहे. दाखल्यावर नाव घालायचं राहिलं असेल तर एका वर्षाच्या आत फी न देता घालता येतं. नंतर फी भरून, पण १५ वर्षांच्या आत. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, ती संधी 'मॅरी' चं 'मेरी' करण्यात घालवू नका. दहावी झालेली असेल तर एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर जे आहे तेच मूळ धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवा.

कन्नड आणि मराठी अक्षरांतला फरक फारसा आड येत नाही. मराठीत शब्दाच्या शेवटची 'ई' दीर्घ लिहितात, कन्नडमध्ये ती ऱ्हस्व येते, त्यामुळं मेरी-मेरि होतच राहणार. गावाच्या पाटीवर २०१४ पासून बेळगावी आहे, आम्ही घरी बेळगाव म्हणतो, जुन्या टपालावर बेळगाम असायचं, तरी पत्र आलंच.

आणि पाच नावांच्या त्या मुलीचं काय झालं असं कोणी विचारलं तर: स्टॅम्पपेपरवर ॲफिडेव्हिट केलं. मरिया उर्फ मारिया उर्फ मेरी उर्फ मेरि उर्फ मॅरी, ही सर्व नावं धारण करणारी व्यक्ती एकच असून ती मीच आहे. नोटरीनं विचारलं, सही कुठली करणार? तिनं पेन घेतलं आणि सवयीनं 'बाळी' असं लिहून बसली. दुसरा स्टॅम्पपेपर घ्यावा लागला.